डिस्क म्हणते तीन तास, लॉग म्हणतो सव्वीस हजार

तर झालं असं की फोटो आणि व्हिडिओ ठेवायची माझी जुनी हार्ड डिस्क काठोकाठ भरली. नवीन काही टाकायचं म्हणजे आधी जुनं काहीतरी उडवायचं, आणि उडवायला बसलं की दोन तास जुने फोटो बघण्यातच जातात, उडत काहीच नाही. मोठी डिस्क घ्यायचीच होती, ८ टीबीची, आणि त्याच आठवड्यात एका ऑनलाइन सेलरकडे नेमकी हवी ती दिसली, सर्व्हरमध्ये वापरतात त्या क्लासची, ५ वर्षं वॉरंटीचं मॉडेल, आणि किंमत बाकी सगळीकडे होती त्याच्या जेमतेम साठ टक्के. डिस्क कुठल्या कंपनीची ते लिहीत नाही कारण पुढे जे झालं त्यात कंपनीची काहीच चूक नाहीये, आणि सेलरचंही नाव लिहीत नाही, कारण शेवटी पैसे परत मिळाले आणि मला आता भांडण वाढवायचं नाहीये.

एवढी स्वस्त का, हा प्रश्न मला पडला होता, खोटं कशाला बोलू. पण त्याची उत्तरं मीच तयार करून ठेवली. जुना स्टॉक असेल, बॉक्स नाहीये म्हणून कमी असेल, सेल चालू असेल. स्वस्त मिळत असलं की आपण विकणाऱ्याची वकिली फुकटात करायला लागतो.

आता खरं सांगायचं तर डिस्क स्वस्त असायला चांगली कारणं पण असतात. मॉडेल जुनं झालेलं असतं. किंवा कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीसाठी घाऊक निघालेला माल सुटा विकायला येतो, त्याला बॉक्स नसतो, नुसतं अँटीस्टॅटिक पाकीट. किंवा रिसर्टिफाइड असते, म्हणजे परत आलेली डिस्क कंपनीनं तपासून, नवीन लेबल लावून पुन्हा विकायला काढलेली, तिच्या लेबलवर तसं स्पष्ट छापलेलं असतं. किंवा एक्स्टर्नल ड्राइव्हचा प्लास्टिकचा डबा फोडून आतली डिस्क काढलेली असते, कारण बऱ्याचदा डब्यासकट डिस्क सुट्या डिस्कपेक्षा स्वस्त पडते, हे ऐकायला उलटं वाटतं पण आहे तसं. (या डबाफोड पांढऱ्या लेबलच्या डिस्कची एक गंमत, जुन्या पॉवर सप्लायवर त्यातल्या काही फिरतच नाहीत. साटा, म्हणजे कॉम्प्युटरला डिस्क जोडायचं नेहमीचं कनेक्शन, त्याच्या पॉवरच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट आले की नव्या नियमाप्रमाणे डिस्क त्याचा अर्थ 'बंद रहा' असा घेते. लोक डिस्क मेली म्हणून परत करतात आणि ती बिचारी ठणठणीत असते.)

यातलं काहीही चालेल. फक्त जे आहे ते सांगून विका. माझ्या लिस्टिंगवर लिहिलं होतं 'ब्रँड न्यू, बल्क पॅक, ५ वर्षं वॉरंटी'.

ऑर्डर करण्याआधी मी दोन गोष्टी विचारल्या होत्या, त्यातली पहिली सिरीयल नंबर. उत्तर आलं, "मॅडम, स्टॉक मोठा आहे, सिरीयल नंबर डिस्पॅचलाच कळतो." पटण्यासारखं आहे. दुसरं विचारलं, वॉरंटी कंपनीची का तुमची? त्यावर "मॅडम, पाच वर्षं वॉरंटी आहे, काही झालं तर आम्ही बसलोय ना." आता हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, पण वाचताना उत्तरासारखं वाटलं आणि मी ऑर्डर ठोकली. हा फरक नंतर फार महागात पडू शकला असता. कंपनीची वॉरंटी म्हणजे डिस्क बिघडली तर तुम्ही थेट कंपनीकडे जाता, सेलर असो नसो. सेलरची वॉरंटी म्हणजे तो त्या दिवशी धंद्यात असला, त्याचा मूड असला, आणि त्याच्याकडे बदली डिस्क असली तर. पाच वर्षं म्हणजे अशा ऑनलाइन दुकानांच्या आयुष्यात एक जन्म झाला.

डिस्क आली. सीलबंद चकचकीत पाकीट, आत सिलिकाची पुडी, स्टिकर कोरं. दादाला फोटो पाठवला तर म्हणाला, "अगं सीलबंद आहे ना, मग झालं की. लाव आणि कॉपीला टाक." आणि मी टाकणारच होते. पण माझी एक जुनी खोड आहे, नवीन डिस्क परतीच्या मुदतीत पूर्ण तपासल्याशिवाय तिच्यात स्वतःचं काही ठेवायचं नाही, कारण एकदा का आपला डेटा आत गेला की परत करायचा कंटाळा येतो, मग आपण छोटीमोठी लक्षणं डोळ्याआड करायला लागतो. शिवाय परत करायची म्हणजे आधी सगळं पुसायला पण लागतं.

आधी नुसत्या डोळ्यांनी बघायचं. स्क्रूची भोकं नीट बघा, डिस्क कधी केसमध्ये बसवली असेल तर आतल्या आट्यांवर धातू घासल्याची चमक दिसते. साटाच्या सोनेरी पट्ट्यांवर मोबाईलचा टॉर्च मारून तिरकं बघा, केबल घालून काढली की बारीक उभे ओरखडे पडतात. एकदोन ओरखडे फॅक्टरीतल्या टेस्टिंगचे असू शकतात म्हणून त्यावरून लगेच बोंब मारू नका. स्टिकरच्या कडा, खाली जुन्या गोंदाचा थर, पाकिटाचं सील मशीनचं आहे का सेलोटेप, हे सगळं बघायचं. माझ्या डिस्कवर यातलं काही म्हणजे काहीच नव्हतं, म्हणजे मला तरी दिसलं नाही. ज्यानं साफ केली त्यानं मन लावून केली होती.

लेबलवरची तारीख पण वाचा. बहुतेक लेबलवर उत्पादनाची तारीख सरळ लिहिलेली असते. सीगेटच्या जुन्या डिस्कवर मात्र नुसता पाच आकडी कोड असायचा आणि तो त्यांच्या आर्थिक वर्षाप्रमाणे, जे जुलैच्या आसपास सुरू होतं. म्हणजे १५१२३ असं लिहिलं असेल तर २०१५ या आर्थिक वर्षाचा १२ वा आठवडा, ३ रा दिवस, म्हणजेच प्रत्यक्षात २०१४ चा सप्टेंबर. मला हे कळलं तेव्हा माझ्या एका जुन्या डिस्कचं वय एकदम सहा महिन्यांनी वाढलं होतं.

मग सिरीयल नंबर. हा तीन ठिकाणी असतो, बॉक्स असेल तर बॉक्सवर, डिस्कच्या लेबलवर, आणि डिस्कच्या पोटात फर्मवेअरमध्ये, म्हणजे डिस्क चालवणाऱ्या तिच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये. लेबल छापायला काही लागत नाही, पोटातला नंबर बदलायला मात्र कसब लागतं. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे ते उघडलं की सिरीयल, मॉडेल, फर्मवेअर सगळं दिसतं, आणि लिनक्स असो, मॅक असो, विंडोज असो, स्मार्टमॉनटूल्स नावाच्या फुकट संचातलं स्मार्टसीटीएल, जे कमांड टाईप करून चालवायचं असतं, ते सगळीकडे चालतं. अक्षर न अक्षर जुळवा. ओ का शून्य, बी का आठ. यूएसबीच्या डब्यातून जोडली असेल तर कधीकधी डब्याचाच नंबर दिसतो, म्हणून शक्यतो डिस्क थेट साटाला लावा.

याच्या जोडीला एक नंबर असतो त्याच्याकडे कोणी बघत नाही, डब्ल्यूडब्ल्यूएन. हा प्रत्येक डिस्कचा जगात वेगळा असा आकडा, बऱ्याच लेबलवर पण छापलेला असतो, आणि त्याच्या सुरुवातीच्या भागावरून बनवणारा कोण ते कळतं. सीगेटचा ५०००सी५ नं सुरू होतो, वेस्टर्न डिजिटलचा ५००१४ईई नं, पूर्वीच्या हिताचीचा ५०००सीसीए नं, तोशिबाचा ५००००३९ नं. लेबल एका कंपनीचं आणि हा नंबर दुसऱ्याच घरचा निघाला तर नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा, परत पाठवा. एक अपवाद लक्षात ठेवा, वेस्टर्न डिजिटलनं हिताचीचा हार्ड डिस्कचा धंदा २०१२ मध्ये घेतला, त्यामुळे वेस्टर्न डिजिटलच्या लेबलखाली हिताचीचा नंबर निघणं अगदी रास्त आहे.

माझे सगळे नंबर जुळले. इथपर्यंत डिस्क एकदम सोज्वळ.

आता कंपनीच्या वेबसाइटवर गेले. सीगेट, वेस्टर्न डिजिटल, तोशिबा, सगळ्यांच्या साइटवर वॉरंटी तपासायचं पान असतं, सिरीयल नंबर टाकायचा, कुठे मॉडेल नंबर आणि देश पण विचारतात. पत्ता स्वतः टाईप करून जा, सेलरनं पाठवलेल्या लिंकवरून जाऊ नका, एवढं तरी कराच. बरेच लोक इथे 'वॉरंटीत आहे' एवढं हिरवं अक्षर बघून खूश होतात आणि पान बंद करतात. मी पण तेच करणार होते. पण खाली शेवटची तारीख लिहिली होती, आणि ती होती पुढच्या वर्षीची. म्हणजे साधारण एक वर्ष आणि चार महिने शिल्लक.

आता गणित करा. मॉडेल ५ वर्षांच्या वॉरंटीचं. शिल्लक सव्वा वर्षाच्या वर थोडं. म्हणजे कंपनीच्या हिशोबानं ही डिस्क पावणेचार वर्षांपूर्वीच बाहेर पडलीये. वॉरंटीचं घड्याळ खरंतर पहिल्या गिऱ्हाईकानं घेतल्यापासून चालू व्हायला हवं, पण कंपनीला तुमच्या बिलाचा पत्ता नसतो, त्यामुळे साइटवर दिसते ती तारीख बहुतेक वेळा डिस्क कंपनीतून निघाली त्याच्या हिशोबानं धरलेली असते. अधिकृत विक्रेत्याकडचं बिल असेल तर ते दाखवून तारीख पुढे सरकवून घेता येते. म्हणून काही महिन्यांचा फरक असला तर घाबरायचं कारण नाही, माल गोदामात, जहाजात, दुकानात पडून असतो. पावणेचार वर्षं मात्र कोणी डिस्क लोणच्यासारखी मुरत ठेवत नाही.

या वजाबाकीसाठी मॉडेलची मूळ वॉरंटी माहीत पाहिजे. साधारण असं आहे की डेस्कटॉपच्या साध्या डिस्क, सीगेट बॅराकुडा, डब्ल्यूडी (म्हणजे वेस्टर्न डिजिटल) ब्लू, या २ वर्षांच्या. नासवाल्या, म्हणजे नेटवर्कला जोडायच्या स्टोरेजच्या डब्यासाठीच्या, आयर्नवुल्फ, रेड प्लस ३ वर्षांच्या. आणि आयर्नवुल्फ प्रो, रेड प्रो, डब्ल्यूडी ब्लॅक, एक्झॉस, गोल्ड या ५ वर्षांच्या. त्यामुळे कोणी बॅराकुडावर '५ वर्षं कंपनी वॉरंटी' लिहिलं असेल तर तिथेच पाणी मुरतंय.

साइट कधीकधी वेगळीच उत्तरं देते, ती पण समजून घ्यायला हवीत. एक म्हणजे 'ही डिस्क दुसऱ्या सिस्टीमचा भाग म्हणून विकली आहे, जिथून घेतली तिथे संपर्क करा'. याचा अर्थ ती सर्व्हर किंवा कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीला घाऊक गेलेली होती, आणि वॉरंटीची जबाबदारी त्या कंपनीची, तुम्हाला डिस्कवाल्यांकडून काही मिळणार नाही. डिस्क अस्सल असते, नवी पण असू शकते, पण वॉरंटीच्या नावानं भोपळा. दुसरं 'आउट ऑफ रीजन', म्हणजे एका भागासाठी काढलेला माल दुसऱ्या भागात विकला, यात पण डिस्क खरी, पण तुमच्या देशात दाद मिळेल याची खात्री नाही. तिसरं, नंबर सापडतच नाही. मग आधी ओ-शून्याचा घोळ तपासा, फोटो मोठा करून बघा, आणि तरी नाहीच सापडला तर मला तरी अशी डिस्क घरात नको. चौथं, साइटवर भलत्याच प्रॉडक्टचं नाव येतं, एखाद्या एक्स्टर्नल ड्राइव्हचं, तर ती वर सांगितलेली डबाफोड. आणि पाचवं, डिस्क आधीच बदलून दिलेली दाखवते, म्हणजे कोणीतरी हाच नंबर दाखवून बदली घेऊन गेलंय आणि तुमच्या हातात आहे ती परत जायला हवी होती ती किंवा तिच्या नंबरचं नुसतं स्टिकर.

दादाला ही वजाबाकी सांगितली तर तो म्हणाला, "अगं पण वापरलेली कशावरून, नुसती पडून असेल. तास बघ ना किती आहेत." त्याचं बरोबर होतं. तास बघितले. तीन. डिस्क आयुष्यात फक्त तीन तास चालू होती, आणि त्यातला एक तास माझ्याचकडे. स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते तिचे, बाकी आकडे पण स्वच्छ, ५ नंबरचे रीअलोकेटेड सेक्टर, म्हणजे खराब म्हणून बदललेल्या जागा, शून्य, १९७ चे पेंडिंग, म्हणजे संशयित जागा, शून्य, १९८ चे न वाचता येणारे शून्य. (१९९ नंबर, सीआरसी एरर, वाढलेला दिसला तर बहुतेक वेळा केबल खराब असते, डिस्कला दोष देऊ नका. आणि सीगेटच्या डिस्कवर १ आणि ७ नंबरला दिसणारे करोडोंचे आकडे बघून दचकू नका, त्यात चुकांबरोबर एकूण किती वेळा वाचलं तो आकडा पण एकत्र कोंबलेला असतो.) अजून एक, क्रिस्टलडिस्कइन्फो खालच्या तक्त्यातले कच्चे आकडे सुरुवातीला हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळावर चालणाऱ्या आकड्यांत, दाखवतं, त्यामुळे ७००० च्या जागी १बी५८ असं काहीतरी दिसतं आणि लोकांना वाटतं व्हायरस आला. सेटिंगमध्ये दशमान करून घ्या. वर उजवीकडे तास असतात ते मात्र साधे असतात.

तर तीन तास. मी जवळजवळ शांत झाले होते. आणि मग सवयीनं स्मार्टसीटीएलला सगळं दाखव म्हटलं, मायनस एक्स लावून, ते भलंमोठं पान येतं ज्याचा अर्धा भाग कोणी वाचत नाही. त्यात खाली सेल्फ टेस्टचा लॉग असतो. डिस्कवर कधीही स्वतपासणी चालवली की ती कितव्या तासाला चालवली ते तिथे नोंदवलं जातं. माझ्या तीन तास वयाच्या डिस्कवर एक टेस्ट पूर्ण झाल्याची नोंद होती, २६,११७ व्या तासाला.

मी आधी हसले, मग परत वाचलं. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे जवळपास तीन वर्षं रात्रंदिवस ती कुठल्यातरी रॅकमध्ये फिरत होती. वेबसाइटच्या वजाबाकीशी बरोबर जुळत होतं. कोणीतरी तासांचा काउंटर शून्य केला आणि लॉग पुसायचं विसरलं. सेकंडहँड गाडीचं मीटर मागे फिरवलं पण डिकीत जुन्या सर्व्हिसिंगची पावती राहून गेली, तसं झालं हे.

हे काउंटर मागे फिरवणं नवीन नाहीये, आणि एकट्यादुकट्याचा उद्योगही नाही. २०२५ च्या जानेवारीत जर्मनीतल्या हाइझे या कॉम्प्युटरच्या बातम्या देणाऱ्या साइटनं बातमी दिली होती की सीगेटच्या एक्झॉस मालिकेतल्या डिस्क नवीन म्हणून विकल्या जातायत आणि प्रत्यक्षात १५ हजार ते ५० हजार तास चाललेल्या आहेत. स्मार्टचे आकडे कोरे, पण सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाची एक वेगळी नोंदवही असते, त्यात खरे तास तसेच होते. संशय असा की बराच माल चिया नावाच्या क्रिप्टो नाण्याच्या शेतीतला. चिया २०२१ मध्ये आलं, त्याचं मायनिंग हार्ड डिस्कच्या जागेवर चालतं म्हणून तेव्हा लोकांनी पोत्यानं डिस्क घेतल्या, आणि भाव पडल्यावर त्या सगळ्या कुठेतरी जायच्याच होत्या. सीगेटनं सांगितलं की हा माल आम्ही विक्रेत्यांना दिलेला नाही. मग त्याच वर्षी मे महिन्यात मलेशियात क्वालालंपूरजवळ एका गोदामावर धाड पडली, तिथे जुन्या डिस्कचे आकडे पुसून, लेबलं बदलून पुन्हा विकायची सगळी सोयच मांडलेली होती.

त्यामुळे सीगेटची डिस्क असेल तर फार्म बघाच. स्मार्टमॉनटूल्स ७.४ पासून, म्हणजे २०२३ च्या आवृत्तीपासून, स्मार्टसीटीएलमध्ये त्याची सोय आहे, मायनस एल फार्म. तिथले पॉवर ऑन तास आणि स्मार्टचे तास जवळपास सारखे पाहिजेत. फार्मपण आता काही लोक पुसायला शिकलेत म्हणे, त्यामुळे ते जुळलं म्हणून गंगेत घोडं न्हालं असं नाही, पण नाही जुळलं तर विषय संपला. दुसऱ्या कंपन्यांच्या डिस्कला फार्म नसतं, तिथे माझ्यासारखं सेल्फ टेस्टचा लॉग, एरर लॉग, आणि डिव्हाइस स्टॅटिस्टिक्स हे तीन कोपरे धुंडाळायचे. जो पुसतो तो बहुतेक वेळा एकदोन जागा पुसतो आणि कंटाळतो.

उलट बाजू पण सांगते, शून्य तास म्हणजे चोरीच असं धरू नका. कंपनी स्वतः डिस्क रिसर्टिफाय करते तेव्हा पण काउंटर शून्यावर आलेला दिसतो. फरक लेबलचा. तिथे रिसर्टिफाइड असं लिहिलेलं असतं आणि वॉरंटी कमी असते हे आधीच सांगितलेलं असतं.

एक जरा वेगळा प्रकार आहे तो पण इथेच सांगून टाकते, कारण माझी एक मैत्रीण त्यात फसली. हातात मावणारी, '१६ टीबी पोर्टेबल' लिहिलेली, अगदीच मातीमोल किमतीची एक्स्टर्नल ड्राइव्ह. तिथे वॉरंटी-बिरंटी बघायचा प्रश्नच नाही, आत मेमरी कार्ड असतं. त्याचा कंट्रोलर कॉम्प्युटरला १६ टीबी आहे म्हणून सांगतो, कॉम्प्युटर विश्वास ठेवतो, प्रॉपर्टीमध्ये पण १६ टीबीच दिसतं. फाइली टाकत गेलात की खरी जागा संपेपर्यंत सगळं छान, त्यानंतर नवीन डेटा एकतर हवेत जातो किंवा जुन्यावर चढतो, आणि फाइलचं नाव, साइज सगळं शाबूत दिसतं, उघडायला गेलं की कळतं. मैत्रिणीला चार महिन्यांनी कळलं. २०११ मध्ये तर अशा एका एक्स्टर्नल ड्राइव्हचे फोटो जगभर फिरले होते, आत १२८ एमबीचा फ्लॅश आणि वजन यावं म्हणून दोन लोखंडी नट. यावर उपाय एकच, पूर्ण भरून परत वाचून बघायचं. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, लिनक्स आणि मॅकवर एफथ्री. ओळखीच्या डेटानं सगळी जागा भरतात आणि मग एकेक बाइट तपासतात.

(१ टीबीची डिस्क विंडोजवर ९३१ जीबी आणि ८ टीबीची ७.२७ टीबी दिसते, त्यात कोणी काही चोरलेलं नाही. कंपनी हजारानं भागते, विंडोज १०२४ नं. यावरून मला अजूनही मेसेज येतात.)

आणि स्वस्तात घेताना अजून एक नजर टाका, एसएमआर का सीएमआर, या डिस्कवर डेटा लिहायच्या दोन पद्धती. एसएमआरमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, त्यामुळे मोठ्या प्रमाणात लिहायला लागलं की डिस्क रांगते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलवर बरंच वादळ आलं होतं कारण नाससाठीच्या रेड मालिकेत न सांगता एसएमआर घातलं होतं. तेव्हापासून लोक मॉडेल नंबरची शेपटी वाचायला शिकले, ४ टीबीच्या रेडमध्ये शेवटी ईएफआरएक्स असेल तर सीएमआर, ईएफएएक्स असेल तर एसएमआर. एका अक्षराचा फरक.

असो, माझ्या डिस्ककडे येऊ. मी स्क्रीनशॉट काढले, वॉरंटीच्या पानाचा, लॉगचा, आणि लेबलचा फोटो ज्यात सिरीयल नीट वाचता येतो. तिन्ही ठिकाणी एकच नंबर दिसला पाहिजे, नाहीतर समोरचा म्हणणार हा दुसऱ्याच डिस्कचा आहे. सेलरला पाठवलं. पहिलं उत्तर, "मॅडम, सॉफ्टवेअर चुकीचं दाखवतं." मी म्हटलं बरं, सॉफ्टवेअर राहू द्या, कंपनीच्या साइटवर तारीख बघा. दुसरं उत्तर, "मॅडम, डिस्क व्यवस्थित चालतीये ना?" चालत होती, अगदी उत्तम चालत होती. मी लिहिलं, "चालतीये, पण तुम्ही नवीन म्हणून विकलीये आणि ती नवीन नाहीये, लिस्टिंगमध्ये लिहिलंय त्याप्रमाणे नसल्यानं परत करतेय." हेच वाक्य वेबसाइटच्या परतीच्या फॉर्ममध्ये पण टाकलं. 'खराब आहे' असं लिहू नका, ते तपासतील, डिस्क चालेल, आणि तुमचाच दावा पडेल. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, "मॅडम, आम्हाला पण वरून अशीच आली, आम्ही काय उघडून बघत नाही." हे मला खरं वाटलं. पाकीट सीलबंद होतं, तो तरी काय बघणार. पण मग 'ब्रँड न्यू' लिहिताना कशाच्या जोरावर लिहिलं ते पण विचारावंसं वाटलं, विचारलं नाही. पैसे आठवड्याभरात आले.

परत पाठवण्याआधी मी त्यात काही टाकलंच नव्हतं, त्यामुळे पुसायची वेळ आली नाही. टाकलं असतं तर सगळी डिस्क शून्यांनी भरायला रात्र गेली असती, क्विक फॉरमॅटनं डेटा जात नाही.

मग काय घेतलं? रिसर्टिफाइड. तशीच ८ टीबी, लेबलवर ठसठशीत रिसर्टिफाइड लिहिलेलं, वॉरंटी कमी, सिरीयल नंबर विचारल्यावर विक्रेत्यानं दहा मिनिटांत लेबलचा फोटो पाठवला, आणि साइटवर टाकला तर त्यानं सांगितली होती तीच तारीख आली. दादा म्हणाला, "म्हणजे जुनी परत करून जुनीच घेतलीस." हो. पण हिचं वय मला माहितीये, किंमत त्या वयाची दिलीये, आणि दुसरी कॉपी वेगळ्या डिस्कवर ठेवणार आहे कारण वॉरंटीत बदलून मिळते ती रिकामी डिस्क.

आली तशी लगेच लाँग सेल्फ टेस्ट लावली, ती १४ तासांच्या आसपास चालली. आता बॅडब्लॉक्स नावाची डिस्क तपासायची कमांड चालू आहे, चार वेगवेगळे पॅटर्न पूर्ण डिस्कवर लिहायचे आणि परत वाचायचे, म्हणजे एकूण आठ फेऱ्या, साडेचार-पाच दिवस कुठे गेले नाहीत. सुरुवातीला सेकंदाला २०० एमबीच्या वर वेग होता, प्रत्येक फेरीच्या शेवटी आतल्या ट्रॅककडे आलं की शंभरच्या आसपास उतरतो, तो तसा उतरतोच, बाहेरचा ट्रॅक मोठा असतो म्हणून. तिसरा पॅटर्न, ६१ टक्के, चुका शून्य. दादा रोज विचारतो झालं का. परतीची मुदत संपायला अजून नऊ दिवस आहेत, तोपर्यंत फोटो जुन्या डिस्कवरच दाटीवाटीनं बसतील.